मुले नेण्यासाठी विद्युत मालवाहू सायकल

विद्युत मालवाहू सायकल म्हणजे लांब चौकटीची, पुढे पेटी किंवा मागे लांब कॅरिअर असलेली आणि पेडल मारताना बॅटरीवरील मोटरची मदत मिळणारी सायकल होय. मुळात पाव, दूध, टपाल आणि कारागिरांची हत्यारे वाहण्यासाठी घडवलेली ही सायकल नेदरलँड्स, डेन्मार्क आणि जर्मनी या देशांत आज मोठ्या प्रमाणावर लहान मुलांची ने-आण करण्यासाठी वापरली जाते. माल जिथे ठेवावा तिथे राहतो. मूल मात्र वळून बसते, वाकते, झोपी जाते आणि अर्ध्या वाटेत उभेही राहते. म्हणून मालासाठी बनवलेल्या सायकलीतून मुले न्यायची असल्यास तिच्यात काही बदल करावे लागतात. आसन, पट्टे, छत, पायांचे संरक्षण आणि दिवे यांतील बदल साधी हत्यारे व थोडे कौशल्य यांच्या बळावर करता येतात. चौकट, हँडलची जोडणी, ब्रेक आणि मोटर यांना हात लावताना मात्र निर्मात्याने ठरवलेल्या भारमर्यादेच्या आत राहणे आवश्यक असते.

== नाव ==

पुढे पेटी असलेल्या सायकलीला डच भाषेत ‘बाकफीट्स’ म्हणतात. ‘बाक’ म्हणजे पेटी किंवा खोके आणि ‘फीट्स’ म्हणजे सायकल. मराठीतील बसायच्या बाकाशी या शब्दाचा काही संबंध नाही; पण मुलांसाठीच्या बाकफीट्सच्या पेटीत खरोखरच एक बाक बसवलेला असतो, हा योगायोग मराठी वाचकाला गमतीचा वाटेल. मागे लांब कॅरिअर असलेल्या प्रकाराला ‘लाँगटेल’ म्हणतात. मराठीत या वाहनांसाठी रूढ नाव अजून नाही. ‘मालवाहू सायकल’ हा शब्द अर्थाला जवळचा असल्याने या लेखात तोच वापरला आहे.

== प्रकार आणि पूर्वेतिहास ==

पुढे दोन चाके, त्यांच्यामध्ये पेटी आणि मागे एक चाक अशी तीनचाकी मालगाडी युरोपातील शहरांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्वत्र दिसत असे. दुचाकी प्रकाराचे मूळ डेन्मार्कमधील ‘लाँग जॉन’ या सायकलीत आहे. तिच्यात पुढचे लहान चाक बरेच पुढे नेलेले असते, चाक आणि हँडल यांच्यामध्ये जमिनीलगत माल ठेवण्याची जागा असते आणि हँडलची हालचाल खालून जाणाऱ्या एका दांड्याने पुढच्या चाकापर्यंत पोहोचवली जाते. मोटारी आणि टेम्पो आल्यावर दोन्ही प्रकार मागे पडले.

त्यांचे पुनरागमन झाले ते मुलांमुळे. कोपनहेगनमधील ख्रिस्तियानिया या वस्तीत १९८४ मध्ये लार्स एंगस्ट्रॉम यांनी पुढे लाकडी पेटी असलेली तीनचाकी सायकल बनवली. मोटारींना मज्जाव असलेल्या त्या वस्तीत ती सोयीची ठरली आणि पुढे ‘ख्रिस्तियानिया बाइक’ या नावाने डेन्मार्कभर पोहोचली. नेदरलँड्समध्ये २००० च्या सुमारास मार्टेन फान अँडेल यांनी लाँग जॉनच्या धर्तीवर, पण मुले बसतील अशा पेटीची दुचाकी रचली. आज ‘बाकफीट्स’ म्हटल्यावर जी आकृती डोळ्यांसमोर येते, ती बहुतांशी याच रचनेची आहे. अमेरिकेत याच काळात रॉस इव्हान्स यांच्या ‘एक्स्ट्रासायकल’ने साध्या सायकलीच्या मागे जोडायचा सांगाडा विकायला सुरुवात केली. तो जोडल्यावर मागचे चाक दूर जाते आणि लांब कॅरिअर मिळते. हातातल्या सायकलीचेच मालवाहू सायकलीत रूपांतर करण्याचे हे ठळक उदाहरण होय.

तीनचाकी उभी असताना पडत नाही, म्हणून नवख्या पालकांना ती अधिक सुरक्षित वाटते. वळणावर मात्र ती दुचाकीसारखी आत झुकत नाही. वेगात वळवल्यास आतल्या बाजूचे चाक उचलले जाते. यावर उपाय म्हणून झुकणाऱ्या तीनचाकीही निघाल्या आहेत. दुचाकी बाकफीट्स चालत्या वेळी अधिक स्थिर असते. सरावाला काही दिवस लागतात, कारण पुढचे चाक चालवणाऱ्याच्या नजरेपासून जवळजवळ दीड-दोन मीटर पुढे असते.

== वजन, वेग आणि ब्रेक ==

मुलांसाठी सायकल तयार करताना बहुतेकांचे लक्ष प्रथम गादी, छत आणि रंगाकडे जाते. ते स्वाभाविक असले तरी पहिला विचार वजनाचा करावयास हवा.

एक उदाहरण घेऊ. बॅटरीसह सायकल ६० किलो, चालवणारी व्यक्ती ७५ किलो, दोन मुले मिळून ४० किलो आणि दप्तरे ५ किलो, असा एकूण भार १८० किलो होतो. ताशी २५ किमी वेगाने जाताना या भाराची गतिज ऊर्जा सुमारे ४,३०० ज्यूल असते. साध्या सायकलीवर एकटी व्यक्ती ताशी १५ किमी वेगाने जात असेल, तर हीच ऊर्जा सुमारे ८०० ज्यूल भरते. म्हणजे थांबताना ब्रेकला पाचपटीहून अधिक ऊर्जा शोषावी लागते. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असतील आणि वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होत असेल, तर ताशी २५ किमी वेगावरून थांबायला ६ मीटर लागतात. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात सुमारे ७ मीटरांची भर पडते. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते.

म्हणून जुन्या, बिनमोटरच्या बाकफीट्सला मोटर बसवताना आधी ब्रेक बदलावेत. रिमवर घासणारे रबरी ब्रेक किंवा चाकाच्या तुंब्यातील जुने ब्रेक या भारासाठी अपुरे पडतात. आजच्या चांगल्या विद्युत मालवाहू सायकलींत दोन्ही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असतात. त्यांच्या पट्ट्या साध्या सायकलीपेक्षा लवकर झिजतात, हेही ध्यानात ठेवावे. डिस्क ब्रेकसाठी चौकटीवर व पुढच्या चिमट्यावर मुळातच जागा केलेली असावी लागते. ती नसताना वेल्डिंग करून जागा तयार करणे धोक्याचे असते, कारण उष्णतेने त्या ठिकाणची नळी कमकुवत होऊ शकते.

निर्मात्याने सांगितलेली भारमर्यादा दोन प्रकारची असते: एक संपूर्ण सायकलीची आणि दुसरी पेटीची किंवा कॅरिअरची. पहिली पाळली म्हणजे दुसरी आपोआप पाळली जाते, असे नाही. मुले वाढतात, ही गोष्ट वरकरणी उघड असली तरी प्रत्यक्षात विसरली जाते. तीन वर्षांचे मूल डोळ्यांसमोर ठेवून केलेली मांडणी ते सात वर्षांचे होईपर्यंत टिकावयाची असेल, तर हिशेब सातव्या वर्षाच्या वजनाने मांडावा लागतो.

== आसन आणि पट्टे ==

पेटीच्या सायकलीत नेहमीची मांडणी अशी असते: पेटीच्या मागच्या टोकाला, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूला, आडवा बाक, मुलांची तोंडे पुढे, पाय पेटीच्या तळावर. जड मूल चालवणाऱ्याच्या जवळ आणि खाली बसेल अशी व्यवस्था केल्यास पुढच्या चाकावरचा ताण कमी राहतो व हँडल हलके वाटते. तिसऱ्या-चौथ्या मुलासाठी पुढच्या टोकाला उलट्या दिशेचा लहान बाक जोडतात. तो बसवण्यापूर्वी पुन्हा भारमर्यादा पाहावी.

पट्टा कुठे जोडला आहे, हे पट्ट्याच्या जाडीपेक्षा महत्त्वाचे आहे. अनेक पेट्या प्लायवूडच्या असतात. प्लायवूडमध्ये नुसते स्क्रू पिळून जोडलेला पट्टा जोराच्या धक्क्याने स्क्रूसकट निघून येऊ शकतो. पट्ट्याचे टोक आरपार नटबोल्टने, मागे रुंद वॉशर किंवा धातूची पट्टी देऊन आवळावे. शक्य असेल तिथे ते पेटीखालील धातूच्या चौकटीलाच जोडावे. लहान मुलांसाठी दोन खांदे, कंबरेच्या दोन बाजू आणि पायांमधून येणारा एक, असा पाच ठिकाणी धरणारा पट्टा योग्य असतो. नुसता कंबरपट्टा असेल, तर झोपलेले मूल पुढे वाकते किंवा खाली सरकते.

मान सावरून बसता येत नाही अशा तान्ह्या मुलाला बाकावर बसवता येत नाही. नेदरलँड्समध्ये मोटारीत वापरतात तेच आडवे बाळआसन जुळवणीच्या कड्या लावून पेटीत बसवण्याची पद्धत आहे. या कड्या त्या विशिष्ट आसनासाठीच बनवलेल्या असाव्यात. रस्त्याचे हादरे हा इथला खरा प्रश्न असतो: डच सायकलमार्गांच्या गुळगुळीत डांबरावर जे चालते, ते खडबडीत रस्त्यावर चालेलच असे नाही. टायरमधील हवा निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत थोडी कमी ठेवणे आणि रुंद टायर वापरणे, एवढा उपाय आपल्या हातात असतो.

लाँगटेल सायकलीवर मुले मागे बसतात. सायकलवरील बालआसनांच्या ईएन १४३४४ या युरोपीय मानकात मुलाच्या वजनाची कमाल मर्यादा २२ किलो आहे. त्यापेक्षा मोठी मुले कॅरिअरवरील गादीवर बसतात. त्यांच्याभोवती नळीचे कठडे, पाय ठेवायला दोन्ही बाजूंना फळ्या आणि मागच्या चाकावर दोन्हीकडून झाकण, या तीन गोष्टी आवश्यक असतात. टाच चाकाच्या स्पोकमध्ये अडकून होणारी जखम ही सायकलीवर डबलसीट बसणाऱ्या मुलांची फार जुनी दुखापत आहे, आणि ती चाकाच्या साध्या झाकणाने टळते.

हेल्मेटविषयी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. पाठ टेकून बसलेल्या लहान मुलाचे हेल्मेट मागे जाड असेल, तर डोके पुढे ढकलले जाते आणि हनुवटी छातीला टेकते. म्हणून डोक्यामागे खोबण असलेले आसन किंवा मागे सपाट असलेले हेल्मेट निवडतात.

== चढताना आणि उतरताना ==

उभ्या सायकलीत मुले चढत-उतरत असताना होणारी पडझड चालत्या सायकलीइतकीच विचारात घेण्यासारखी आहे. साधा एकपायी स्टँड इथे निरुपयोगी असतो. पेटीच्या सायकलीला पेटीखाली रुंद, चार पायांचा स्टँड असावा आणि लाँगटेलला दोन पायांचा मजबूत स्टँड असावा. क्रमही ठरलेला हवा: आधी स्टँड, मग मोटर बंद, त्यानंतर मुलांचे चढणे. पेडलच्या हालचालीवर सुरू होणाऱ्या मोटरच्या बाबतीत उभ्या सायकलीच्या पेडलवर चुकून पाय पडला, तर सायकल पुढे झेपावते. मोटर नियंत्रणाची बटणे मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवणे, हा फुकट करता येणारा बदल आहे.

== छत, ऊन आणि दिवे ==

उत्तर युरोपात पेटीवर पावसाचा तंबू लावणे ही जवळजवळ सार्वत्रिक गोष्ट आहे. पारदर्शक खिडक्यांचा हा तंबू वाऱ्याला शिडासारखा अडवतो. पुलावर किंवा मोकळ्या मैदानात बाजूचा वारा आला, की हँडल खेचले जाते. हलक्या, रिकाम्या सायकलीत हे अधिक जाणवते. तंबूच्या काठ्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर येत नाहीत ना, हेही तपासावे. उन्हात बंद तंबू लवकर तापतो, म्हणून दोन बाजूंनी हवा खेळेल अशी तरतूद हवी. भारतासारख्या देशात पावसाच्या तंबूपेक्षा वरून सावली देणारे व बाजूंनी जाळीचे छत अधिक उपयोगी ठरते.

पेटी रुंद आणि जमिनीलगत असल्यामुळे रात्री ती इतर वाहनांच्या दिव्यांत उशिरा दिसते. पेटीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर पांढरे, बाजूंना पिवळसर आणि मागे लाल परावर्तक लावण्याची प्रथा आहे. हँडलवरचा दिवा पेटीच्या काठाला अडतो व पेटीत बसलेल्या मुलांच्या मानेवरच प्रकाश पाडतो. म्हणून तो पेटीच्या पुढच्या भागावर हलवतात.

== मोटर आणि बॅटरी ==

१८० किलोंचा भार ५ टक्के चढावर ताशी १० किमी वेगाने चढवायला केवळ उंची गाठण्यासाठीच सुमारे २४५ वॉट शक्ती लागते. व्यायामाची सवय नसलेली व्यक्ती बराच वेळ ७५ ते १०० वॉट देऊ शकते. मोटर आल्यानंतर मुलांच्या बाकफीट्सचा प्रसार चढउताराच्या शहरांतही का झाला, हे यावरून समजते.

तयार विद्युत सायकलींत मोटर बहुधा पेडलच्या आसाजवळ असते आणि पेडलवर पडणारा जोर मोजून त्या प्रमाणात मदत देते. जुन्या सायकलीला जोडायच्या संचात मोटर चाकाच्या तुंब्यात असते. स्वस्त संच पेडल फिरते आहे की नाही एवढेच पाहतात. त्यामुळे मदत उशिरा सुरू होते आणि उशिरा थांबते. मुले बसलेली असताना हा उशीर त्रासदायक असतो. तुंब्यातील मोटर स्वतःचा आस उलट्या दिशेने पिळत असते, म्हणून तो आस चिमट्यात घट्ट धरणारी लोखंडी भुजा बसवणे अनिवार्य आहे. ती नसल्यास आस निसटून चाक सुटू शकते. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी कळही संचात असावी.

३६ व्होल्ट आणि १४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे ५०० वॉट-तास ऊर्जा मावते. दर किलोमीटरला १० ते १५ वॉट-तास खर्च धरला, तर एका भरणीत सुमारे ३३ ते ५० किमी जाता येते. शाळा, पाळणाघर आणि बाजार यांना हे पुरेसे असते. बॅटरी मुलांच्या पायांपाशी उघडी ठेवू नये. ती बाकाखाली ठेवायचीच असेल, तर बंद, पाणी न शिरणाऱ्या कप्प्यात ठेवावी आणि तारा पेटीच्या बाहेरून न्याव्यात. आपटलेली किंवा फुगलेली बॅटरी वापरू नये. मूळ चार्जरखेरीज दुसरा चार्जर लावू नये.

सर्व बदल पूर्ण झाल्यावर मुलांना बसवण्यापूर्वी तेवढ्याच वजनाची तांदळाची पोती पट्ट्यांनी बांधून सायकल काही दिवस चालवून पाहावी. चौकटीतून येणारा आवाज, ढिले होणारे नटबोल्ट आणि ब्रेकची खरी ताकद त्यातून कळते.

== अपघात, परतावे आणि नियम ==

चौकटीच्या मजबुतीचा प्रश्न किती गंभीर आहे, हे २०२४ मध्ये नेदरलँड्समध्ये दिसून आले. चौकटी तुटल्याच्या तक्रारींनंतर तेथील अन्न व ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा प्राधिकरणाने फेब्रुवारीत ‘बाबू’ या लोकप्रिय कंपनीला मालवाहू सायकलींची विक्री थांबवण्याचा आदेश दिला आणि काही मॉडेल परत मागवावी लागली. हजारो कुटुंबांचा रोजचा शाळेचा प्रवास त्यामुळे एकाएकी अडला. तयार, मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या सायकलींबाबत जे घडू शकते, ते घरगुती वेल्डिंगबाबत अधिक सहज घडू शकते.

त्याआधी २० सप्टेंबर २०१८ रोजी ओस या डच गावात पाळणाघरातील मुलांना नेणारे ‘स्टिंट’ हे विजेवर चालणारे वाहन रेल्वे फाटकावर आगगाडीखाली आले आणि चार मुलांचा मृत्यू झाला. स्टिंट ही सायकल नव्हे. चालक त्यावर उभा राहतो आणि पेडल नसतात. तरी मुलांच्या विद्युत वाहनांकडे पाहण्याची डच समाजाची दृष्टी या घटनेने बदलली. १ ऑक्टोबर २०१८ रोजी सरकारने स्टिंटची रस्त्यावरील परवानगी स्थगित केली.

युरोपीय संघात २५० वॉटपर्यंतच्या सातत्य-शक्तीची मोटर, ताशी २५ किमीनंतर बंद होणारी मदत आणि पेडल थांबताच थांबणारी मोटर, या अटी पाळल्यास वाहन सायकल समजले जाते. संगणकीय युक्तीने ही वेगमर्यादा काढणाऱ्या व्यक्तीचे वाहन कायद्याने सायकल राहत नाही, आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो. नेदरलँड्समध्ये आठ वर्षांखालील मुलाला पाठ, हात आणि पाय यांना पुरेसा आधार देणारे आसन असणे बंधनकारक आहे. जर्मनीत मुलांना नेणारी व्यक्ती किमान १६ वर्षांची असावी लागते. जर्मनीने २०२० मध्ये मालवाहू सायकलींसाठी डीआयएन ७९०१० हे मानक आणले. त्यानंतर ईएन १७८६० या युरोपीय मानकमालिकेत या सायकलींचा स्वतंत्र विचार झाला.

== भारतातील स्थिती ==

केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ यांनुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर बॅटरीवरील दुचाकी ‘मोटर वाहन’ ठरत नाही. ब्रेक आणि परावर्तकांच्या अटीही आहेत. लाँगटेल या वजनात सहज बसते. लाकडी पेटीची जड बाकफीट्स मर्यादेच्या काठावर येते. फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने चार वर्षांखालील मुलांसाठी पट्टा व हेल्मेट यांची सक्ती केली, ती मोटारसायकलींपुरती आहे.

महाराष्ट्रात मुलाला सायकलीच्या पुढच्या दांड्यावरील लहान सीटवर किंवा मागे कॅरिअरवर बसवून शाळेत नेणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. बाकफीट्सपुढे येथे दोन प्रत्यक्ष अडचणी येतात. पेटीचा तळ जमिनीलगत आणि दोन चाकांमधील अंतर मोठे असल्याने उंच गतिरोधकावर तळ घासतो. दुसरी अडचण जागेची: सुमारे अडीच मीटर लांबीची सायकल चाळीच्या जिन्याखाली किंवा सोसायटीच्या दुचाकींच्या रांगेत मावत नाही. बांधा आखूड असलेली लाँगटेल या दोन्ही बाबतींत अधिक सोयीची आहे. जुन्या मजबूत सायकलीला आधी ब्रेक, मग चाकांची झाकणे व कठडे आणि शेवटी मोटर या क्रमाने तिचे रूप देणे खर्चाच्या दृष्टीनेही आवाक्यातले ठरते.